पंचवीस जणांनी मोकळी केलेली वाट

पायाखालचा बर्फ कचकन दबतो, तुमचा तोल जातो आणि शेजारच्या आजोबांचा हात पुढे येऊन तुमचा दंड धरतो. तुम्ही मान लववता, तेही मान लववतात. भाषेची गरज पडत नाही. पोहोचलात तुम्ही.

आज मंगळवार, १७ फेब्रुवारी १९९८. जपानच्या नागानो प्रांतातलं हाकुबा गाव, हाप्पो-ओने डोंगराचा पायथा. हिवाळी ऑलिंपिकचा दुसरा आठवडा चालू आहे आणि आज पुरुषांची सांघिक स्की जंपिंग आहे. समोरच्या उतारावर उड्या मारायच्या दोन घसरणी शेजारी शेजारी उभ्या आहेत, एक लहान आणि एक मोठी. आज मोठीवर खेळ आहे. एरवी तिच्या मागे जपानी आल्प्सची शिखरं दिसली असती. आज तिथे नुसतं पांढरं आहे. आकाश कुठे संपतं आणि डोंगर कुठे सुरू होतो, काही कळत नाही. बर्फ पडतोय. सुटा, हलका नव्हे. जाडजूड, ओलसर, पापण्यांवर बसून राहणारा.

आजचा निकाल तुम्हाला ठाऊक असेल. इथल्या हजारोंपैकी एकालाही तो ठाऊक नाही. म्हणून तो मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून द्या आणि या माणसांसारखेच उभे राहा. काय होणार हे माहीत नसण्याची धाकधूक अनुभवल्याशिवाय ही सकाळ तुम्हाला कळणार नाही.

आधी एक उडी नीट पाहून घ्या. वर, अगदी वर, एक ठिपका आडव्या दांडीवर बसलाय. खाली प्रशिक्षकाने निशाण हलवलं की तो दांडी सोडतो. बर्फात कोरलेल्या दोन समांतर खाचांमध्ये त्याच्या स्की बसलेल्या आहेत. गुडघे पोटाशी, छाती मांड्यांवर, हात मागे. काही सेकंदांत त्याचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या घरात जातो. घसरण जिथे संपते ती कड दुरून वर उचललेली वाटते, पण ती खरं म्हणजे खालीच झुकलेली असते. वर जाण्यासाठी लागणारा जोर त्या माणसाच्या दोन पायांतूनच यावा लागतो, आणि तोही पापणी लवायच्या आत. क्षणभर लवकर उठला तरी फसला, क्षणभर उशिरा उठला तरी फसला.

कड सुटल्यावर तो स्कींची टोकं बाहेर वळवतो आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ आडवा होतो. स्कींचा हा व्ही आकार स्वीडनच्या यान बोकलोव्हने १९८०च्या दशकात आणला. तेव्हा परीक्षक त्याचे गुण कापायचे, कारण तोवर स्की समांतर ठेवणं हेच देखणं मानलं जाई. पण व्ही आकारात अंगाखाली हवा जास्त धरली जाते, माणूस लांब जातो, आणि शेवटी सगळ्यांनी तीच रीत उचलली. आता आवाज ऐका. आधी स्कींची सळसळ, मग कडेपाशी सगळं शांत, मग डोक्यावरून जाणारी हवेची फडफड, आणि शेवटी बर्फावर स्की टेकल्याचा चपराकीसारखा आवाज. तोवर शेजारच्या आजोबांनी श्वास सोडलेला नसतो. तुम्हीही नसतो सोडलेला.

गुणांचा हिशोबही समजून घ्या, आज तो जिव्हारी लागणार आहे. या उतारावर १२० मीटरवर एक रेषा मानलेली आहे, तिला के-पॉइंट म्हणतात. तिथवर पोहोचलं की अंतराचे ६० गुण. पुढच्या प्रत्येक मीटरला १.८ गुण वाढतात, अलीकडच्या प्रत्येक मीटरला तेवढेच कमी होतात. त्याशिवाय पाच परीक्षक उडीच्या आणि उतरण्याच्या डौलाचे प्रत्येकी २० पर्यंत गुण देतात. त्यांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा सोडून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात. संघात चार जण, प्रत्येकाच्या दोन उड्या. आठ उड्यांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. वाऱ्याची भरपाई म्हणून गुण देण्याची पद्धत २०१०च्या सुमारास येईल. आज ती नाही. ज्याच्या वाट्याला जसा वारा आणि जसा बर्फ येईल, तो त्याचा.

जपानचे चौघे या क्रमाने उडणार आहेत: ताकानोबु ओकाबे, हिरोया साइतो, मासाहिको हाराडा, काझुयोशी फुनाकी. दोनच दिवसांपूर्वी बावीस वर्षांच्या फुनाकीने याच उतारावर वैयक्तिक सुवर्ण जिंकलंय. त्याच्या दुसऱ्या उडीला पाचही परीक्षकांनी २० पैकी २० दिले. हाराडाने त्याच दिवशी कांस्य मिळवलं.

ओकाबे १२१.५ मीटर जातो. साइतो १३० मीटर. भोवती लाल ठिपक्याचे झेंडे उसळतात. आता हाराडाची पाळी. आणि तुमच्या लक्षात येतं, सगळे गप्प झालेत. ही शांतता उडीच्या आधीची नेहमीची नाही. हिच्यात भीती आहे.

ही भीती कळायची तर चार वर्षं मागे जायला हवं. चला, क्षणभरच.

२२ फेब्रुवारी १९९४. नॉर्वेतलं लिलेहामर. जपानच्या संघात जिन्या निशिकाता, ओकाबे, नोरियाकी कासाई आणि हाराडा आहेत. शेवटची उडी उरली आहे, ती हाराडाची. जपान इतका पुढे आहे की १०५ मीटर पुरेसे आहेत. पहिल्या फेरीत याच हाराडाने १२२ मीटर मारलेत. हाराडाच्या आधी जर्मनीच्या येन्स वाइसफ्लोगने १३५.५ मीटरची उडी मारली आहे, पण तिनेही जपानची आघाडी पुसली गेलेली नाही. मग हाराडा कडेवरून सुटतो आणि हवेतच कळतं, काहीतरी चुकलं. तो उतरतो ९७.५ मीटरवर.

पाहा त्याच्याकडे. खालच्या सपाटीवर तो उकिडवा बसलाय, दोन्ही हातांनी डोकं धरून. तिघे सोबती त्याच्याजवळ जातात. निशिकाता, ओकाबे, कासाई. त्याच्यावर वाकतात, पाठीवर हात ठेवतात. जर्मनी ९७०.१, जपान ९५६.९. रौप्यपदक. जगात दुसरे, आणि तरीही घरी जाताना मान खाली. एका माणसाच्या एका उडीने चौघांच्या हातचं सोनं गेलं, असंच पुढे चार वर्षं जपानभर बोललं जाईल. या चौघांतल्या निशिकाताचा चेहरा नीट लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

परत हाकुबा. बर्फ आणखी दाट झालाय. वरचा दांडीवर बसलेला माणूस आता दिसतसुद्धा नाही. ध्वनिक्षेपकावर हाराडाचं नाव आलं म्हणून तो तिथे आहे असं समजायचं.

त्याच्या अंगावर काय आहे, ते जपानला पुढे कळेल. उडीच्या पोशाखाच्या आत त्याने निशिकाताचा शर्ट घातलाय. हातात कासाईचे मोजे आहेत. लिलेहामरचे ते दोघे आजच्या चौघांत नाहीत. एकाची पाठ दुखावली आणि त्याची निवड हुकली. दुसरा इथे आला, पण आजच्या संघात बसला नाही. हाराडाने दोघांना अंगावर घेतलंय.

तो सुटतो. खाचांमध्ये ताजा बर्फ साचलेला आहे, आणि ताजा बर्फ स्कीला धरून ठेवतो. कडेपाशी हवा तेवढा वेग हातात नाही. तो पांढऱ्या पडद्यातून बाहेर येतो आणि जवळजवळ लगेच खाली येतो.

७९.५ मीटर.

हिशोब करा. के-पॉइंटपासून ४०.५ मीटर कमी, गुणिले १.८, म्हणजे ७२.९. साठातून एवढे वजा केले की अंतराचे गुण शून्याच्याही खाली, उणे १२.९. शेजारचे आजोबा टोपी काढतात, तिच्यावरचा बर्फ झटकतात आणि पुन्हा घालतात. काहीतरी करायला हवं म्हणून. कुणी शिव्या देत नाही, कुणी ओरडत नाही. एकच विचार एवढ्या माणसांच्या चेहऱ्यांवर आहे: पुन्हा तोच?

फुनाकी ११८.५ मीटर जातो. पहिली फेरी संपली. ऑस्ट्रिया पहिला, जपान चौथा. आणि आता बर्फ इतका पडतोय की स्पर्धा थांबवावी लागते. स्पर्धा रद्द झाली तर पहिल्या फेरीचाच निकाल कायम राहील. म्हणजे जपानला पदकही नाही, आणि ते ७९.५ हाराडाच्या कपाळी जन्मभरासाठी.

इथे गर्दीतले सगळे फलकाकडे बघतायत. तुम्ही तिकडे बघू नका. तुम्हाला काळाची सवलत मिळाली आहे, ती वापरा आणि माझ्यासोबत वर चला. घसरणीच्या माथ्याजवळच्या त्या खोलीत, जिथे कॅमेरे क्वचितच पोहोचतात.

खोलीत ओल्या लोकरीचा आणि स्कीला लावायच्या मेणाचा वास आहे. बाकांवर, जमिनीवर माणसं दाटीने बसली आहेत. पंचवीस जण. यांना टेस्ट जंपर म्हणतात. स्पर्धेआधी आणि स्पर्धा थांबली की मधेमधे यांनी उड्या मारायच्या, उतार सुरक्षित आहे का ते आपल्या अंगावर तपासायचं आणि खाचांतला बर्फ आपल्या स्कींनी दाबून वाट पक्की ठेवायची. यांच्या उड्यांना गुण नाहीत. यांची नावं निकालपत्रावर येत नाहीत. यांच्यात हायस्कूलमधली एक मुलगी आहे. महिलांच्या स्की जंपिंगला ऑलिंपिकमध्ये २०१४ साली जागा मिळेल. म्हणजे आज तिच्यासाठी या खेळाचं दार बंद आहे आणि तरी ती याच मोठ्या उतारावरून उडते. यांच्यात असा एक जण आहे ज्याला ऐकू येत नाही. आणि त्या कोपऱ्यात, स्की उभ्या धरून बसलेला तो, तोच जिन्या निशिकाता.

चार वर्षांपूर्वी हाराडाच्या पाठीवर हात ठेवणारा. नागानो प्रांतातल्याच नोझावा ओन्सेनचा. आपल्याच प्रांतात ऑलिंपिक भरलंय आणि आपण इथे, बिनगुणांच्या उड्या मारायला. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. खाली ज्या माणसामुळे त्याचं सोनं गेलं, त्याच माणसाला दुसरी संधी मिळावी म्हणून आता त्याला या वादळात उडायचंय.

कारण पंचांनी सांगितलंय: पंचविसांनी उड्या मारून दाखवा. सगळे नीट उतरले, तर पुढची फेरी घेऊ.

त्याचा अर्थ काय होतो, ते दारात उभं राहून पाहा. एकही जण पडून चालणार नाही. एकजण जरी घसरला, तरी सगळं संपलं. आणि वेग तर या बर्फात मिळणारच नाही, तो पहिल्या काही जणांनी स्वतः तयार करायचाय. पहिला दांडीवर बसतो. त्याच्यासमोर खाच नाहीच, नुसती पांढरी सपाटी. तो सुटतो, स्की बर्फात रुततात, त्याच्या मागे दोन उथळ रेषा उमटतात. लगेच दुसरा. रेषा थोड्या खोल होतात. तिसरा. चौथा. मधे वेळ गेला तर बर्फ पुन्हा भरेल, म्हणून एकामागोमाग एक. ती मुलगी जाते. ऐकू न येणारा जातो. वाकून पाहा: खाचेचा तळ आता मऊ नाही राहिला, दाबून दाबून तिथे बर्फाची चकाकी आली आहे. प्रत्येक जण मागच्यासाठी ती थोडी अधिक गुळगुळीत करून खाली जातोय, आणि खालून प्रत्येक वेळी स्की टेकल्याचा तोच चपराकीसारखा आवाज वर येतोय. म्हणजे उतरला. हाही उतरला.

शेवटी निशिकाता. सुरक्षित उतरलं तरी पुरे होतं. पण तो नुसता उतरत नाही, के-पॉइंटच्या पलीकडे जातो. खाली उभ्या पंचांना याहून स्पष्ट सांगता आलं नसतं की या उतारावर अजून लांब उडता येतं.

पंचवीसपैकी पंचवीस. स्पर्धा पुढे चालू.

चला खाली, आजोबांच्या शेजारी. त्यांनी तुमची जागा राखून ठेवली आहे.

दुसरी फेरी. ओकाबे येतो. होक्काइडोतल्या शिमोकावाचा, कासाईच्याच गावचा. कडेवरून तो असा सुटतो की खाली येणं विसरलाय असं वाटतं. १२०ची रेषा त्याच्या पोटाखालून मागे जाते आणि तो उडतोच आहे. १३७ मीटर. आजोबा काहीतरी ओरडतात. तुम्हीही ओरडता, मराठीत, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. मग साइतो. ना धडपड ना चूक, १२४ मीटर. साइतोच्या दोन उड्यांबद्दल फार कुणी बोलत नाही, पण एका टोकाला कोसळणारा संघ दुसऱ्या टोकाला सावरून धरणारी अशीच माणसं असतात.

आणि पुन्हा हाराडा.

आता गर्दी गप्प नाही. हजारो गळ्यांतून त्याचं नाव येतंय, आणि त्या आवाजात मागणं आहे, राग नाही. एकोणतीस वर्षांचा हा माणूस पुन्हा त्या दांडीवर बसलाय. लिलेहामरचे ९७.५ त्याच्या पाठीशी आहेत, तासाभरापूर्वीचे ७९.५ आहेत. पण त्याच्या पायांसमोर खाच आहे. स्वच्छ, कडक, चकाकणारी. पंचवीस जणांच्या स्की तिच्यातून गेल्या आहेत.

तो सुटतो. या वेळी सळसळ वेगळी आहे, धारदार. कड. आणि तो वर येतो.

डोळे मिटू नका. नीट पाहा, कारण आपल्या आयुष्यात असं फार वेळा दिसत नाही. तो उंच आहे, धोकादायक वाटावं इतका उंच, आणि उतार त्याच्याखाली संपत चाललाय. जिथे घसरण सपाटीला मिळू लागते तिथवर तो येतो. इतक्या लांब आल्यावर पायांवर प्रचंड भार येतो, गुडघे दुमडतात, माणूस बसतो. तो जवळजवळ बसतोच. आणि उठतो. उभा राहतो.

१३७ मीटर. ओकाबेएवढेच.

आजोबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलंय. तुमचे डोळे कधी भरून आले, तुम्हाला कळलंही नाही.

पण अजून एक उडी उरली आहे, जपानची शेवटची. लिलेहामरला जिथे हाराडा उभा होता, तिथे आज फुनाकी उभा आहे. आणि खाली हाराडाचं काय चाललंय ते पाहा. आपली उडी विसरून तो वर नजर लावून उभा आहे, हुंदके देत, आणि एकच नाव पुन्हा पुन्हा घेतोय. फुनाकी. फुनाकी. त्या जागी एकट्याने उभं राहणं म्हणजे काय, हे या मैदानात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. चूक केलेला माणूस दुसऱ्यावर तीच वेळ येऊ नये म्हणून असा तळमळतो, तेव्हा त्या चुकीचं ओझं बदलतं. ते आता नुसतं त्याचं राहत नाही.

फुनाकी त्याच्या नेहमीच्या पद्धतीने जातो, स्कींमध्ये सपाट, कागद तरंगावा तसा. १२५ मीटर. एक पाय पुढे, एक मागे, गुडघा वाकवून, हात पसरून तो टेकतो. तिघे धावत सुटतात आणि त्याच्यावर झेपावतात. चौघांचा बर्फात एकच ढीग होतो.

फलकावर आकडे येतात. जपान ९३३.०. जर्मनी ८९७.४. ऑस्ट्रिया ८८१.५. चौथ्या जागेवरून पहिल्या जागी, तेही ३५.६ गुणांनी. १९७२ साली साप्पोरोत जपानने याच खेळात, लहान उतारावर, तिन्ही पदकं घेतली होती. आजोबांनी तो दिवस पाहिला असेल. ते तुमचा हात दोन्ही हातांत घेतात आणि सोडत नाहीत. त्यांच्या मोज्यांमधून ऊब येते.

आता परत जायची वेळ होत आली आहे. सगळे खाली आहेत, गाणी चालली आहेत, झेंडे फिरतायत. पुढे काय होणार ते तुम्हाला माहीत आहे. या ऑलिंपिकनंतर स्कीच्या लांबीचा नियम बदलेल. आज उंचीपेक्षा ८० सेंटिमीटर लांब स्की चालतात. पुढे उंचीच्या १४६ टक्के एवढी मर्यादा येईल आणि कमी उंचीच्या जपानी खेळाडूंना ती जड जाईल. आज ज्याला संघात जागा मिळाली नाही, तो कासाई २०१४ साली सोचीत, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, रौप्यपदक जिंकेल. आणि या पंचविसांची गोष्ट जपान विसरणार नाही. २०२१ साली तिच्यावर चित्रपट येईल आणि लोक त्या खोलीत, त्या बाकांवर, तुमच्यासारखेच जाऊन बसतील.

जाण्याआधी पुन्हा एकदा वर चला. आता इथे कुणी नाही. दांडी रिकामी आहे. बर्फ अजून पडतोय. खाली चौघांच्या नावाचा जयघोष चालू आहे, आणि तुमच्या डोळ्यांदेखत ती खाच भरत चालली आहे. आधी तळाची चकाकी जाते. मग कडा बोथट होतात. मग दोन उथळ रेषा उरतात, पहिल्या माणसाने ओढल्या होत्या तशा. थोड्या वेळाने त्याही दिसेनाशा होतात.

वाकून, मोजा काढून, बोटाने बर्फ बाजूला करा. दोन बोटं खोल गेल्यावर हाताला काहीतरी कडक लागतं, काचेसारखं गुळगुळीत. ते अजून तिथेच आहे.